चोवीस टन स्टायरीन आणि बंद कारखाना : गोव्यातील एका रेझिन युनिटचं प्रकरण

हे प्रकरण २०२० च्या मार्च ते मे या काळातलं आहे. कारखाना, वसाहत आणि माणसं ओळखता येऊ नयेत म्हणून काही तपशील आणि आकडे किंचित बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी त्या वेळी तिथे नव्हतो. नंतर नोंदवही, फोटो आणि त्या लोकांशी झालेलं बोलणं यांवरून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

गोव्यात पेट्रोरसायनं नाहीत असं आपण सहज म्हणून जातो. रिफायनरी नाही, क्रॅकर (तेलातून निघालेल्या मालाचे रेणू तोडणारा कारखाना) नाही, हे खरंच. पण कच्च्या तेलातून निघालेला आणि अजून कुठलीच शेवटची वस्तू न झालेला मधल्या टप्प्यातला माल इथे कायम येत-जात असतो. झुआरीनगरचा खत कारखाना सत्तरच्या दशकापासून कित्येक वर्षं नाफ्थ्यापासून, म्हणजे कच्च्या तेलातून निघणाऱ्या हलक्या द्रवापासून, अमोनिया बनवत होता, पुढे तो नैसर्गिक वायूकडे वळला. ऑक्टोबर २०१९ मध्ये खलाशी नसलेलं ‘नू शी नलिनी’ हे जहाज वाहत येऊन दोनापावलाजवळच्या खडकांत रुतलं, त्याच्या पोटातही नाफ्थाच होता. पुढचे काही आठवडे पणजीत चहाच्या टेबलावर बसलेला प्रत्येक जण नाफ्थ्याचा तज्ज्ञ झाला होता.

आपलं प्रकरण याच साखळीच्या पुढच्या कडीवर घडतं. नाफ्थ्यापासून इथिलीन आणि बेंझीन मिळतं, त्या दोघांपासून इथाइलबेंझीन, आणि त्यातून हायड्रोजन काढला की स्टायरीन हा ज्वालाग्राही द्रव. त्या काळात भारतात स्टायरीन बनत नव्हतं. देशाला लागणारं सगळं जहाजानं बंदरावर यायचं आणि तिथून टँकरनं कारखान्यांकडे जायचं.

हा कारखाना अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टर रेझिन बनवतो. फायबरवाले ज्याला नुसतं ‘रेझिन’ म्हणतात तेच. प्रोपिलीन ग्लायकॉल, थॅलिक अॅनहायड्राइड आणि मॅलेइक अॅनहायड्राइड दोनशे अंशांच्या आसपास शिजवायचे, थंड करायचे आणि स्टायरीनमध्ये पातळ करायचे. तयार मालात साधारण ३५ ते ४० टक्के स्टायरीनच असतं. गिऱ्हाईक म्हणजे पाण्याच्या टाक्या आणि दारं बनवणारे, आणि गोव्यात मोठ्या प्रमाणावर होड्या बांधणारे व दुरुस्त करणारे. पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या की फायबरच्या कामाला उधाण येतं. त्यामुळे त्याच्या आधीचे एप्रिल-मे हा या कारखान्याचा हंगाम, आणि मार्चमध्ये टाकी भरून ठेवायची हा जुना रिवाज.

त्या वर्षी टाकी रिवाजापेक्षा जरा जास्तच भरली. ६ मार्चला तेल उत्पादक देशांची बोलणी फिसकटली आणि ९ मार्चला कच्च्या तेलाचा भाव एका दिवसात जवळपास एक चतुर्थांश कोसळला. स्टायरीनचा भावही खाली आला. टाकीत चार-पाच टन माल शिल्लक असतानाच मालकांनी आणखी एक टँकर मागवला. मुंबईहून पत्रादेवी नाक्यावरून तो मार्चच्या मध्याला आला आणि टाकीत जवळपास २४ टन माल झाला. आठवड्याभरात जनता कर्फ्यू लागला, पाठोपाठ देशभर लॉकडाऊन.

टाकी उघड्यावर उभी, पोलादी, आतून लेप दिलेली, ४० किलोलिटरची. बाजूला चिलर आणि एक फिरता पंप. पंप टाकीतला माल ओढतो, चिलरमधून नेतो आणि परत टाकीत सोडतो. तापमान २० अंशांच्या आसपास राहावं अशी अपेक्षा.

अडचण

स्टायरीन नुसतं ठेवलं तरी ते आपापसात जोडलं जाऊन पॉलिस्टायरीन व्हायला बघतं. थंडीत हे काम फार सावकाश चालतं, उष्म्यात वेगानं. फ्रिजमधलं आंबोळीचं पीठसुद्धा आंबतच असतं, ओट्यावरचं लवकर आंबतं, तसंच. फरक इतकाच की इथे जोडणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेनं पुढची जोडणी आणखी वेगानं होते. एक किलो स्टायरीन पूर्ण पॉलिमर झालं तर सुमारे ६७० किलोज्यूल उष्णता सुटते. म्हणजे बाहेर जायला वाट नसेल तर मालातला एक टक्का भाग पॉलिमर झाला की तापमान जवळजवळ ४ अंशांनी चढतं. ६५ अंशांच्या पुढे गेलेली टाकी आवरणं फार कठीण.

हे थोपवायला पुरवठादार आधीच टीबीसी नावाचं रोधक घालून देतो. प्रमाण अगदी चिमूटभर, १० ते १५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० ते १५ भाग. पण टीबीसीला काम करायला मालात विरघळलेला प्राणवायू लागतो. प्राणवायू नसेल तर टीबीसी आहे म्हणून कागदावर दिसतं आणि टाकीत त्याचा उपयोग नसतो. शिवाय ते हळूहळू खपत जातं, उकाड्यात जास्त लवकर.

लॉकडाऊनच्या पहिल्या दिवसांत गोव्यात किराणासुद्धा धड मिळत नव्हता. टाकीचा विचार करायला कुणाला उसंत नव्हती. कारखान्यात एक पहारेकरी आणि जवळच्याच वाड्यावरचा एक इलेक्ट्रिशियन एवढेच. इलेक्ट्रिशियन रोज सकाळी दहाच्या सुमारास यायचा, चिलर बघायचा, टाकीच्या काट्यावरचं तापमान वहीत लिहायचा आणि फोटो प्लांट मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचा. मॅनेजर फोंड्याला घरी. वहीत सलग तीन आठवडे ‘चिलर चालू, २१’ किंवा ‘चिलर चालू, २२’ अशीच नोंद आहे.

नोंद खोटी नव्हती. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चिलर ट्रिप व्हायचा. तो हातानं रीसेट करावा लागायचा आणि पहारेकऱ्याला त्याची माहिती नव्हती. सकाळी इलेक्ट्रिशियन यायचा, चिलर सुरू करायचा आणि मग वहीत ‘चालू’ लिहायचा. रात्रभर चिलर बंद असायचा हे वहीत कुठेच उतरलं नाही, कारण वहीत त्यासाठी रकानाच नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. तापमानाचा एकच काटा होता, तोही तळापासून हातभर उंचीवर. थंड होऊन परत येणारा माल टाकीच्या वरच्या भागात सुटायला हवा. वरून आत उतरून मालात बुडणारा नळ त्यासाठीच बसवलेला होता. पण त्या लाईनच्या व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी भरण) फेब्रुवारीत गळत होती, म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करून परतीचा माल तळाच्या लाईनकडे वळवला होता. तात्पुरता. पंप तळातून माल ओढत होता आणि तळातच सोडत होता. तळ गार राहिला, काटा २१ दाखवत राहिला आणि वरचा माल रोज उन्हात भिजत राहिला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्याची केमिस्ट बाई आल्या. त्या शेजारच्याच गावातल्या, चालत येण्यासारखं अंतर. पगाराचं काही काम होतं. गेटवर ताप बघायची गन नुकतीच आली होती आणि पहारेकऱ्यानं ती त्यांच्या कपाळावर धरली. त्या गनला पृष्ठभागाचं तापमान मोजायचीही सोय होती. त्यांनी ती मागून घेतली आणि सावलीच्या बाजूनं, सकाळीच, टाकीच्या पत्र्यावर खालपासून वरपर्यंत धरत गेल्या. खाली २२. मधे २७. मालाच्या पातळीजवळ ३१.

फोन गेला तो असा, इलेक्ट्रिशियनच्या शब्दांत : ‘साहेब, खालचा काटा बरोबर आहे, पण वरचा पत्रा कोमट लागतोय. बाई म्हणतात तुम्ही आत्ताच या.’

मॅनेजरकडे पास नव्हता. जवळच्या मामलेदार कचेरीत त्याच दिवशी विनंती गेली आणि दुपारपर्यंत पास मिळाला. तोवर केमिस्टनं दोन नमुने काढले, एक तळाचा आणि एक वरच्या झाकणातून बाटली सोडून पातळीजवळचा. टीबीसीची चाचणी सोपी असते : कॉस्टिकच्या द्रावणासोबत हलवलं की गुलाबी छटा येते, ती ठरलेल्या रंगांशी ताडून बघायची. तळाच्या नमुन्यात ९ पीपीएमच्या आसपास. वरच्या नमुन्यात ४, तेही जेमतेम. मग मेथॅनॉलची चाचणी. तळाचा नमुना मेथॅनॉलमध्ये स्वच्छ राहिला, वरचा किंचित दुधाळ झाला. वरच्या थरात पॉलिमर बनायला सुरुवात झाली होती.

पर्याय

त्या संध्याकाळी फोनवर चौघं होते : मॅनेजर, केमिस्ट, मडगावहून मालक, आणि एक बाहेरचा सुरक्षा सल्लागार, ज्याला विमा कंपनीच्या सर्वेक्षणापासून कारखाना ओळखत होता. बोलणं बराच वेळ चाललं आणि मध्ये दोनदा तापलंही.

पहिली सूचना मालकांची. मुंबईचा व्यापारी चालू भावानं माल परत घ्यायला तयार आहे, टँकर बोलवा. त्यांच्या दृष्टीनं हे चोख होतं, कारण हंगाम हातचा गेलेला दिसत होता. पण टँकरला दोन राज्यांचे पास, चालक, आणि टाकीतून उपसायला माणसं लागणार. हे सगळं जुळेपर्यंत आठवडा सहज. शिवाय कोमट आणि पॉलिमर सुरू झालेला माल टँकरमध्ये भरून उन्हात घाटातून पाठवायचा, यात जोखीम फक्त आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते. केमिस्टनं हे स्पष्ट सांगितलं.

दुसरी सूचना ड्रमची. चोवीस टन म्हणजे दोनशे लिटरचे शंभराहून जास्त ड्रम. ड्रममध्ये ना चिलर, ना फिरवण्याची सोय, आणि पत्र्याच्या शेडखाली एप्रिलचा उकाडा. हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला पडला आणि तसाच पडायला हवा होता.

तिसरा : माल वापरून टाकायचा. ही सर्वांत खरी वाट होती, पण बंद कारखान्यात बॅच घ्यायला परवानगी हवी. २४ मार्चच्या आदेशात सूट होती ती अखंड चालणाऱ्या प्रक्रियांना, तीही राज्याच्या परवानगीनं. रेझिन बॅचमध्ये बनतं. मालकांना अर्ज करायला संकोच होता. त्यांचं म्हणणं असं की अर्जात कारण लिहावं लागेल, ते पंचायतीपर्यंत जाईल, आणि मग कारखाना कायमचाच बंद करायची मागणी होईल. ही भीती निराधार नव्हती. कारखान्याच्या कुंपणापासून पहिलं घर फार लांब नाही.

चौथा : थंड करायचं, फिरवायचं, रोधक घालायचं आणि थांबायचं. सगळे शेवटी इथेच आले, पण इथेच दोन खरे वाद होते.

पहिला वाद नायट्रोजनचा. दोन वर्षांपूर्वी विम्याच्या सर्वेक्षणात सूचना आली होती की ज्वालाग्राही मालाच्या टाकीवर नायट्रोजनचं आवरण असावं, आणि त्यानुसार या टाकीवरही ते होतं. टोल्युईन-झायलीनसाठी ती सूचना अगदी बरोबर. स्टायरीनसाठी शुद्ध नायट्रोजन म्हणजे टीबीसीचा प्राणवायू काढून घेणं. केमिस्टचं म्हणणं, नायट्रोजन बंद करा आणि टाकीला हवा घेऊ द्या. सल्लागाराचं म्हणणं, स्टायरीनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ हवेत पेट घेऊ शकते) ३१ अंश आहे, वरचा थर आत्ता ३१ वर आहे, आणि या क्षणी हवा आत सोडली तर टाकीच्या रिकाम्या भागात पेटू शकेल असं मिश्रण तयार होईल. दोघांचंही खरं होतं. उत्तर क्रमात होतं : आधी माल पंचवीसच्या खाली आणायचा, मग हवा. २० अंशांना स्टायरीनची वाफ हवेत पाऊण टक्क्याहूनही कमी असते, आणि पेट घ्यायला साधारण एक टक्का लागते. नायट्रोजन आणि हवेचं मोजून केलेलं मिश्रण हा त्याहून चांगला उपाय, पण या कारखान्यात त्याची सोय नव्हती.

दुसरा वाद रोधकाचा. हिशेब केला तेव्हा सगळेच क्षणभर गप्प झाले : २४ टनांत १० पीपीएम वाढवायला लागतं २४० ग्रॅम टीबीसी. पाव किलोसुद्धा नाही. आणि कारखान्यात ते एक ग्रॅमही नव्हतं. टँकर नेहमी टीबीसी घालूनच यायचा, महिन्याभरात माल संपायचा, म्हणून वेगळं ठेवायची गरज कधी भासलीच नव्हती. दुसऱ्या वसाहतीतल्या एका रंग-रेझिनच्या युनिटकडे एक किलो असल्याचं कळलं, पण तिथलं स्टोअर बंद आणि चावीवाला घरी. तीन-चार दिवस लागतील असं दिसत होतं.

स्टोअरमध्ये हायड्रोक्विनोन मात्र होतं, किलोंनी. रेझिन शिजवताना जेल होऊ नये म्हणून ते रोजच घातलं जातं. ते स्टायरीनलाही थोपवतं. टीबीसीइतकं सोयीचं नाही आणि त्यालाही प्राणवायू लागतोच, पण हाताशी होतं. अडचण एवढीच की ते एकदा घातलं की व्यापारी तो माल परत घेणार नाही. माल आपल्याच रेझिनमध्ये जाणार असेल तर काहीच बिघडत नाही, कारण तिथे हायड्रोक्विनोन तसंही पडतंच. थोडक्यात, डबा उघडला की परत पाठवायची वाट कायमची बंद.

मालक म्हणाले, टीबीसी येईपर्यंत थांबू. मॅनेजरनं ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला.

काय केलं

रात्रीच्या कामाआधी मॅनेजरनं टाकीवर चढून व्हेंट (टाकीच्या वरचं हवेचं तोंड) बघायला लावला, आणि हे फार बरं केलं. टीबीसी वाफेबरोबर वर जात नाही. टाकीच्या छताला वाफ थंड होऊन थेंब लागतात त्यांत रोधक नसतं, आणि ते तिथेच घट्ट होतात. व्हेंटवरच्या फ्लेम अरेस्टरची (बाहेरची ज्वाला आत जाऊ न देणारी) जाळी निम्म्याहून जास्त पिवळट पॉलिमरनं भरली होती. माल वेगानं थंड केला की टाकी हवा आत ओढते. व्हेंट तुंबलेला आणि नायट्रोजन बंद अशा स्थितीत टाकीचा पत्रा आत चेपू शकतो. सुटी जाळी स्टोअरमध्ये होती, ती बदलली. पितळी हत्यारं वापरली, मोबाइल गेटवर ठेवले.

मग वरच्या लाईनच्या व्हॉल्व्हची ग्लँड भरली. अर्ध्या तासाचं काम, फेब्रुवारीपासून राहिलेलं. परतीचा माल वरच्या नळातून सुरू झाला. नळ खाली मालात बुडालेला आहे याची खात्री आधी करून घेतली, कारण स्टायरीन उंचावरून पडू दिलं तर स्थिर वीज साचते. चिलरजवळ रात्रभर माणूस बसवला. पहारेकऱ्याला रीसेटचं बटण दाखवलं.

आणि मध्यरात्रीच्या सुमारास मॅनेजरनं हायड्रोक्विनोन घातलं. मोजून अडीचशे ग्रॅमच्या आसपास, थोड्या प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून, पंपाच्या ओढीच्या बाजूनं हळूहळू. मालकांना सकाळी कळवलं.

हा या प्रकरणातला सर्वांत वादाचा निर्णय. मालकांचा राग मला समजतो : सहा आकडी रकमेचा प्रश्न होता आणि त्यांना विचारलं गेलं नाही. वरचा थर ३१ वर होता, ४ पीपीएम टीबीसी शिल्लक होतं आणि थंड करणं सुरू झालं होतं. टीबीसी येईपर्यंत टाकीनं दम धरला असता अशी बरीच शक्यता आहे. पण मालात प्राणवायू किती उरला आहे हे मोजायचं साधन कुणाकडेच नव्हतं आणि टाकी महिनाभर नायट्रोजनखाली होती. मोजता न येणाऱ्या गोष्टीवर २४ टन टांगून ठेवायचे नाहीत, असं मॅनेजरनं ठरवलं. मी त्याच्या बाजूचा आहे. फक्त ‘बघतो’ म्हणायच्या ऐवजी त्यानं फोनवरच ‘मी आज रात्री घालणार’ म्हणायला हवं होतं.

दुसऱ्या पहाटे वरचा थर २६ वर आला, त्याच्या पुढच्या पहाटे २३ वर. तेव्हा नायट्रोजन बंद करून टाकीला नव्या जाळीतून हवा घेऊ दिली. टीबीसी चौथ्या दिवशी पोचलं. आणणारा माणूस म्हणाला, दुधाच्या गाडीतून काल रात्रीच आणून दिलं असतं. केमिस्टनं त्याला दोन गोष्टी सुनावल्या : टीबीसी कातडी जाळतं, आणि दूध लोक पितात.

मालकांनी परवानगीचा अर्ज शेवटी केला, आणि त्यात कारण खरं लिहिलं. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयालाही कळवलं. १५ एप्रिलच्या केंद्राच्या सूचनांनुसार २० एप्रिलपासून औद्योगिक वसाहतींना अटींवर काम सुरू करता येणार होतं, त्यामुळे परवानगीचं काम सोपं झालं. योगायोग असा की त्याच २० एप्रिलला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला. मार्चमध्ये स्वस्त वाटलेला माल आता महाग ठरला होता.

निष्पत्ती

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजक्या माणसांवर बॅच सुरू झाल्या. पॉलिमरचा अंश असलेलं स्टायरीन पारदर्शक रेझिनला चाललं नसतं, धूसर दिसलं असतं. म्हणून सगळा माल टाक्या आणि होड्यांच्या अपारदर्शक ग्रेडमध्ये घातला. हायड्रोक्विनोन जास्त झाल्यानं पहिल्या दोन बॅच जेल व्हायला वेळ घेत होत्या. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात त्या कोबाल्टचं प्रमाण गिऱ्हाइकांना थोडं वाढवायला सांगितलं. एकानं तक्रार केली, बाकीच्यांना माल मिळतोय हेच खूप होतं.

७ मेच्या पहाटे विशाखापट्टणमजवळ आर. आर. वेंकटापुरम इथल्या एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि १२ जणांचा जीव गेला. ती टाकी याच्यापेक्षा कितीतरी मोठी, अठराशे टनांच्या आसपास माल असलेली. पण जुलैमध्ये चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हा या कारखान्यातल्या लोकांनी तो फार गुपचूप वाचला. वरच्या थरांचं तापमान मोजायची सोय नव्हती, माल वरपर्यंत नीट फिरत नव्हता, टीबीसीचा साठा नव्हता. मे महिन्यात विशाखापट्टणमच्या बातम्या टीव्हीवर सुरू झाल्या तेव्हा इथल्या टाकीत १२ टन माल उरला होता.

त्या बातम्यांच्या दुसऱ्याच दिवशी पंचायतीचे दोन सदस्य आणि दहा-बारा गावकरी गेटवर आले. मालक स्वतः आले होते. त्यांनी वही दाखवली : आधीच्या ‘चिलर चालू’च्या नोंदी, मग गनचे आकडे, नमुन्यांचे आकडे, कुठल्या रात्री काय घातलं, निरीक्षणालयाला कधी कळवलं. एक वयस्क गावकरी म्हणाला, ‘पात्रांव, त्या वेळी आम्हाला का सांगितलं नाही?’ मालकांकडे त्याचं उत्तर नव्हतं. पण अर्ज आणि कळवल्याची तारीख विशाखापट्टणमच्या आधीची होती, म्हणून बोलणं बोलण्यापुरतंच राहिलं. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं बंद कारखाने पुन्हा सुरू करण्याविषयी सूचना काढल्या, त्यावर आलेल्या तपासणीतही हीच वही कामाला आली.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधीचा निर्णय भावाचा होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात स्वस्त माल घेणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, लॉकडाऊनची कल्पना कुणाला होती. पण साठ्याची मर्यादा भावावर ठरवायची की टाकीच्या थंड करायच्या ताकदीवर, हे आधीच ठरलेलं असायला हवं. आता कारखान्यानं उन्हाळ्यात १२ टनांची मर्यादा घातली आहे. टँकर तेवढा लहान येत नाही, म्हणून शेजारच्या युनिटबरोबर अर्धा-अर्धा वाटून घेतात. त्यात वाहतुकीचा खर्च वाढतो आणि दरवर्षी त्यावर कुरबुर होते.

दुसरा, लॉकडाऊनच्या दिवशीचा. कारखाना बंद करताना प्रत्येक यंत्राला ‘बंद’ची यादी होती. टाकीला नव्हती, कारण टाकी बंद करायची गोष्ट नाही. रिकामी करता येत नसेल तर तिच्यासाठी चोवीस तासांचा एक जबाबदार माणूस नेमायला हवा होता, आणि तो इलेक्ट्रिशियन असून चाललं नसतं. त्याच्यावर दोष ठेवणं अन्यायाचं होईल. त्याला जे बघायला सांगितलं ते त्यानं रोज बघितलं. संध्याकाळी आणखी एक फोटो मागितला असता तर चिलरचं कोडं पहिल्याच आठवड्यात सुटलं असतं.

तिसरा, तात्पुरत्या बदलाचा. फेब्रुवारीत व्हॉल्व्ह वळवताना केमिस्टला कुणी विचारलं नाही, कारण ते ‘मेंटेनन्सचं काम’ होतं. माझ्या मते या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. ग्लँडची किंमत काही शे रुपये होती. आता टाकीच्या कुठल्याही लाईनवरचा बदल वहीत तारखेनिशी लिहितात आणि परत कधी करायचा तेही लिहितात. टाकीवर तीन उंचीवर तीन काटे बसले आहेत. टीबीसीचा एक किलोचा डबा स्टोअरमध्ये कुलपात असतो, दर वर्षी बदलतात. नमुना दर आठवड्याला आणि वरून घेतात.

चौथा, गावाला सांगण्याचा. मालकांना वाटलं सांगितलं तर बंदी येईल. मॅनेजरला वाटतं सांगितलं असतं तर दोन रात्री लोक घाबरले असते, पण पुढचे सहा महिने विश्वास राहिला असता. जानेवारी २०२३ मध्ये पिळर्ण वसाहतीत रंगाच्या कारखान्याला आग लागून धुराचे लोट कित्येक किलोमीटरवरून दिसले, तेव्हा या गावच्या पंचायतीनं वसाहतीतल्या सगळ्या साठ्यांची यादी मागितली. या कारखान्यानं ती दिली. किती जणांनी दिली हे पंचायतीच्या फायलीत आहे.

जनरेटरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सध्याच्या डीजी सेटवर फिरता पंप चालतो, चिलर चालत नाही. पावसाआधीच्या वादळात वीज दोन-दोन दिवस जाते तेव्हा माल फिरतो पण थंड होत नाही. मोठ्या सेटचा कोटेशनचा कागद मॅनेजरच्या टेबलावर आहे, आणि दर मे महिन्यात तो नव्या भावानं परत मागवला जातो.